मागवलेलं पार्सल आलंच नाही तर? रिफंड किंवा दुसरी वस्तू मिळवण्याची पद्धत

काही वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक स्कॅनर मागवला. पैसे आधीच भरले होते. सांगितलेली तारीख उलटली तरी पार्सल नाही. विक्रेत्याला चॅटवर विचारलं, तर उत्तर आलं, ‘मॅडम, दोन दिवसांत पोहोचेल.’ दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. समोरचा माणूस इतका गोड बोलत होता की त्याच्यावर तक्रार टाकायची मला भीड वाटली. असं करता करता पाच-सहा आठवडे गेले. मग एकदा मनाचा हिय्या करून ऑर्डरचं पान उघडलं, तर ‘वस्तू मिळाली नाही’ हे बटणच तिथून नाहीसं झालेलं. तक्रारीची मुदत आदल्याच आठवड्यात संपली होती. ते पैसे गेले ते गेलेच.

त्यानंतर ओळखीतल्या कितीतरी जणांच्या अडकलेल्या ऑर्डरी सोडवायला मी शेजारी बसले आहे. पैसे परत मिळवायचे मार्ग आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरेच जास्त आहेत, पण प्रत्येकाला मुदत आहे. ती हातची गेली की खरी बाजू असूनही हात चोळत बसावं लागतं. म्हणून पुढच्या पायऱ्या मुदतीच्या हिशोबानेच मांडल्या आहेत. पहिल्यांदाच असा प्रसंग आला असेल तर क्रमाने जा, मधली पायरी गाळू नका.

आधी हे ठरवा: पैसे मागायचे कोणाकडे?

विक्रेत्याकडे. कुरिअरकडे नाही.

इथे नव्या माणसाचे पहिले आठ दिवस वाया जातात. पार्सल हरवलं की आपण कुरिअरच्या कस्टमर केअरला फोन लावत बसतो. ते सांगतात, ‘विक्रेत्याशी बोला.’ विक्रेता सांगतो, ‘आम्ही पाठवलंय, कुरिअरला विचारा.’ आपला चेंडू होतो. खरं तर कुरिअरला पैसे दिलेत विक्रेत्याने, त्याचा करार विक्रेत्याशी आहे आणि हरवलेल्या पार्सलची भरपाईही तो बहुतेक वेळा पाठवणाऱ्यालाच देतो. आपण पैसे दिले ते वस्तूसाठी. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशात तर हे स्वच्छ लिहिलं आहे: वस्तू ग्राहकाच्या, किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या, प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत ती हरवण्याची जोखीम विक्रेत्याची. अपवाद एकच, कुरिअर ग्राहकाने स्वतः निवडून नेमला असेल तर. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यातही तसंच आहे.

कुरिअरला फोन करायचा तो फक्त माहितीसाठी: पार्सल कुठे आहे, कोणाच्या हातात दिलं, पोच कसली आहे. पैशांची मागणी त्याच्यापाशी करू नका.

पायरी १: दोन तारखा कागदावर लिहा

पहिली तारीख, वस्तू देण्याचं वचन कधीचं होतं ती. ऑर्डर केल्यावर आलेल्या ईमेलमध्ये ती असते. ‘१० ते १६ तारखेदरम्यान’ असं लिहिलं असेल तर १६ धरा. ऑर्डरच्या पानावरची तारीख विक्रेता पुढे ढकलू शकतो, ईमेलमधली बदलत नाही. म्हणून तो ईमेल जपून ठेवा.

दुसरी तारीख, तक्रार करण्याचा शेवटचा दिवस. ही शोधावी लागते. संकेतस्थळाच्या मदत विभागात ‘वस्तू मिळाली नाही’ या मथळ्याखाली ती सापडते. अंदाज यावा म्हणून काही आकडे देते. ईबे या परदेशी खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर अंदाजित डिलिव्हरीच्या शेवटच्या तारखेपासून ३० दिवस मिळतात. पेपॅल या ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवेने पैसे दिले असतील तर पैसे भरल्यापासून १८० दिवसांत वाद नोंदवता येतो. पण वाद नोंदवल्यावर २० दिवसांच्या आत त्याचं रूपांतर दाव्यात (म्हणजे आता पेपॅलनेच निकाल द्यावा, अशा मागणीत) केलं नाही, तर तो आपोआप बंद होतो. हा २० दिवसांचा नियम माहीत नसल्याने पैसे गमावलेली माणसं मी पाहिली आहेत. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेमार्फतच्या तक्रारीला साधारण १२० दिवस असतात. काही बँका त्यापेक्षा कमी देतात, तेव्हा आपल्या बँकेला विचारून घ्या. नियम बदलत राहतात, म्हणून तक्रार करायच्या दिवशी मूळ पान स्वतः वाचा.

दुसऱ्या तारखेच्या पाच दिवस आधीचा गजर मोबाइलवर लावा. विक्रेता कितीही गोड बोलला तरी त्या दिवशी तक्रार टाकायचीच.

पायरी २: ट्रॅकिंग नीट वाचा

ट्रॅकिंगच्या पानावर वरची एकच ओळ वाचून आपण पान बंद करतो. खाली पूर्ण यादी असते, ती उघडा. कोणत्या अवस्थेवर गाडी अडली आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

‘लेबल तयार झालं’ किंवा ‘माहिती मिळाली’ एवढंच दिसत असेल, तर पार्सल कुरिअरच्या हातात पडलेलंच नाही. विक्रेत्याने नंबर काढून ठेवला आहे, माल दिलेला नाही. आठवडाभर हीच ओळ दिसत असेल तर ‘पाठवलंय’ हे त्याचं म्हणणं खोटं किंवा निदान अपुरं आहे, आणि त्याच शब्दांत त्याला ते दाखवून द्या. ‘प्रवासात’ असं दाखवून पुढे हालचाल नसेल तर शेवटची नोंद कोणत्या गावची, किती तारखेची, ते टिपून घ्या. ‘कस्टम्समध्ये’ असेल तर बहुधा एखादा कागद किंवा शुल्क अडलेलं असतं, त्याची सूचना आली होती का ते ईमेलच्या स्पॅम विभागातही पाहा. ‘पाठवणाऱ्याकडे परत’ दिसलं तर तुमचं काम सोपं झालं, कारण वस्तू तुमच्याकडे नाही याचा पुरावा कुरिअरनेच दिला आहे.

परदेशातून टपालाने येणाऱ्या पार्सलचा नंबर स्वतः तपासता येतो. जागतिक टपाल संघाने, म्हणजे देशोदेशींच्या टपालाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, त्याचा साचा ठरवून दिला आहे: सुरुवातीला दोन अक्षरं, मग ९ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं. नऊपैकी शेवटचा अंक हा ताळ्याचा. आधीच्या आठ अंकांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं आणि बाकी ११ मधून वजा करायची. येईल तो नववा अंक. उत्तर १० आलं तर ०, आणि ११ आलं तर ५ धरायचे. उदाहरणार्थ १२३४५६७८ घ्या. बेरीज येते २०४, बाकी ६, म्हणून नववा अंक ५. विक्रेत्याने दिलेला नंबर या साच्यातला असून हा ताळा जुळत नसेल, तर एकतर लिहिताना चूक झाली आहे किंवा नंबर बनावट आहे. खाजगी कुरिअर कंपन्यांचे नंबर मात्र त्यांच्या त्यांच्या पद्धतीचे असतात, त्यांना हा हिशोब लागू नाही.

टपालाची चौकशी नोंदवायची असेल तर जागतिक टपाल संघाच्या नियमानुसार पार्सल टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ६ महिने मिळतात. ही चौकशी पाठवणाऱ्याने करायला लावा. ते त्याचं काम आहे.

पायरी ३: एक दिवस शोधाशोध

ऑर्डरवरचा पत्ता अक्षरन् अक्षर वाचा. जुना पत्ता तसाच राहिलेला असणं, घर क्रमांकातला एक अंक चुकणं, मोबाइल नंबर बंद पडलेला असणं, हे नेहमीचं आहे. चूक तुमची निघाली तर लपवू नका. पार्सल परत फिरलं तर बहुतेक विक्रेते पैसे देतात, फार तर पाठवणीचा खर्च कापतात. शेजारी, सुरक्षारक्षक, ऑफिसचं रिसेप्शन, घरातली बाकीची माणसं, सगळ्यांना विचारा. यासाठी एक दिवस पुरे. आठवडा घालवू नका.

पायरी ४: ‘डिलिव्हर्ड’ दिसतंय, पण हातात काही नाही

हे सगळ्यात अवघड प्रकरण, म्हणून इथे थोडं थांबते.

ट्रॅकिंगवर हिरव्या अक्षरांत ‘डिलिव्हर्ड’ आलं की विक्रेता सुटकेचा श्वास टाकतो आणि आपण खोटं बोलतोय असं वातावरण तयार होतं. घाबरू नका. ‘डिलिव्हर्ड’ ही कुरिअरच्या माणसाने मोबाइलवर केलेली एक नोंद आहे. तिच्यामागे पोच काय, ते विचारायचं. पोच साधारण चार प्रकारची असते: सही, फोटो, ओटीपी आणि नोंद केली तेव्हाचं जीपीएसचं ठिकाण. विक्रेत्याला आणि कुरिअरला लेखी विचारा की यातली कोणती पोच तुमच्याकडे आहे, ती मला पाठवा.

माझ्या बहिणीच्या बाबतीत असं झालं. कंपनीने उत्तर दिलं, ‘दारात ठेवल्याचा फोटो आहे.’ तिने फोटो मागवला. फोटोत करड्या रंगाचं लोखंडी दार, खाली हिरवं पायपुसणं आणि बाजूला मुलांची सायकल. तिचं दार लाकडी, तपकिरी. घरात मूल नाही. तिने आपल्या दाराचा फोटो काढला, असा की घर क्रमांकाची पाटी त्यात स्पष्ट वाचता यावी. दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावून पाठवले आणि खाली एकच वाक्य लिहिलं: ‘तुमच्या फोटोतलं दार माझं नाही.’ तिसऱ्या दिवशी पैसे परत करत असल्याचा ईमेल आला. त्याआधी तिने फोनवर तीन वेळा तावातावाने भांडून पाहिलं होतं, त्याने काहीही झालं नव्हतं.

सही असेल तर ती कोणाच्या नावाची, ते पाहा. नाव तुमच्या घरातलं नसेल तर तसं लिहून कळवा. वेळही पाहा: त्या वेळी तुम्ही कामावर होतात, प्रवासात होतात, असं काही कागदाने दाखवता येत असेल तर जोडा.

ओटीपीचा मामला वेगळा. ‘मी खालीच आहे, ओटीपी सांगा, पार्सल ठेवून जातो,’ असा फोन आला की आपण घाईत आकडे सांगून टाकतो. तो ओटीपी म्हणजे तुमची सही आहे. पार्सल हातात घेऊन, त्यावरचं नाव वाचूनच तो सांगायचा. आधीच सांगून बसला असाल तर तक्रार सोडू नका, पण त्या फोनची वेळ आणि नंबर कॉलच्या यादीतून स्क्रीनशॉट काढून लगेच जपा.

आणखी एक चलाखी आहे, ती कमी लोकांना माहीत असते. खोटे विक्रेते तुमच्याच गावातल्या भलत्याच पत्त्यावर एक हलकं पाकीट पाठवतात. ट्रॅकिंगवर गावाचं नाव बरोबर, अवस्था ‘डिलिव्हर्ड’, म्हणजे विक्रेत्याकडे पुरावा तयार. यावर दोन उपाय. ट्रॅकिंगमध्ये वजन दिलं असेल तर ते पाहा: तीन किलोच्या वस्तूचं पार्सल ४० ग्रॅमचं कसं, हा प्रश्न पुरेसा असतो. आणि कुरिअरच्या शाखेत जाऊन ‘हे पार्सल या पत्त्यावर दिलेलं नाही’ एवढं लेखी मागा. गोपनीयतेमुळे दुसऱ्याचा पत्ता ते सांगणार नाहीत, पण तुमचा पत्ता जुळत नाही, एवढं सांगायला अनेकदा तयार होतात.

पायरी ५: पुरावे एका फोल्डरमध्ये

ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट, ज्यात ऑर्डर क्रमांक, वस्तू, रक्कम आणि पत्ता दिसतो. वचनाची तारीख असलेला ईमेल. पैसे गेल्याची बँकेची नोंद. ट्रॅकिंगची पूर्ण यादी. विक्रेत्याशी झालेलं सगळं चॅट. वस्तूच्या जाहिरातीचं पानही साठवा, कारण खोटी दुकानं तक्रारी वाढल्या की पान काढून टाकतात. स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि वेळ यायला हवी.

फोनवर बोलणं झालं तर फोन ठेवल्या ठेवल्या त्याच विक्रेत्याला दोन ओळींचा ईमेल टाका: ‘आत्ता ११.२० वाजता आपलं बोलणं झालं. तुम्ही शुक्रवारपर्यंत रिफंड देण्याचं कबूल केलं आहे.’ तोंडी बोलणं असं कागदावर येतं. समोरच्याने नाकारलं नाही तर पुढे ते वजनदार ठरतं.

पायरी ६: विक्रेत्याला लिहा, मागणी एकच ठेवा

राग ओतलेले लांबलचक संदेश कोणी पूर्ण वाचत नाही. ज्याच्यासमोर तो संदेश पडतो त्याच्याकडे दिवसाला असे ढीगभर येतात. त्याला एका नजरेत ऑर्डर, तारीख आणि मागणी दिसायला हवी. मी वापरते तो मसुदा असा:

‘नमस्कार. माझा ऑर्डर क्रमांक अमुक. वस्तू अमुक. पैसे भरल्याची तारीख अमुक. वस्तू अमुक तारखेपर्यंत मिळेल असं तुम्ही कळवलं होतं. आज अमुक तारीख आहे आणि वस्तू मला मिळालेली नाही. ट्रॅकिंगवर शेवटची नोंद अमुक तारखेची, अमुक ठिकाणची आहे. मला पूर्ण रक्कम, पाठवणीच्या खर्चासह, ज्या मार्गाने भरली त्याच मार्गाने परत हवी आहे. अमुक तारखेपर्यंत तसं झालं नाही तर मी संकेतस्थळाकडे आणि माझ्या बँकेकडे तक्रार नोंदवेन. सोबत पुरावे जोडले आहेत.’

मुदत सात दिवसांची द्या. हा संदेश संकेतस्थळाच्या आतल्या संदेशपेटीतूनच पाठवा. विक्रेता ‘व्हॉट्सअॅपवर या, तिकडे बोलू’ म्हणाला तर नको म्हणा. बाहेर झालेलं बोलणं संकेतस्थळ बहुधा ग्राह्य धरत नाही. कस्टमर केअरशी बोलणं झालं तर तिकीट नंबर घेतल्याशिवाय चॅट बंद करू नका.

रिफंड मागायचा की रिप्लेसमेंट?

माझं मत सरळ आहे: शंका असेल तर रिफंड. पैसे हातात आले की तीच वस्तू तुम्ही दुसरीकडून घेऊ शकता. रिप्लेसमेंट म्हणजे त्याच विक्रेत्यावर, त्याच कुरिअरवर आणि त्याच पत्त्यावर दुसऱ्यांदा भरवसा. आणि नवीन पार्सलची वाट पाहताना जुन्या ऑर्डरची मुदत संपत जाते.

रिप्लेसमेंट घ्यावी ती दोनच वेळा. वस्तूची किंमत आता वाढली असेल आणि त्याच भावात ती दुसरीकडे मिळणार नसेल तेव्हा, किंवा विक्रेता भरवशाचा असून पार्सल परत फिरल्याचं ट्रॅकिंगवर स्पष्ट दिसत असेल तेव्हा. तेव्हाही नवा ट्रॅकिंग नंबर हातात येईपर्यंत आणि तो प्रत्यक्ष हलेपर्यंत जुनी तक्रार चालू ठेवा.

रिफंडच्या जागी दुकानाचं क्रेडिट किंवा कूपन पुढे करतात. घ्यायचं नसेल तर ‘मूळ मार्गानेच हवं’ असं लिहा. एकदा स्वीकारलं की मागे फिरणं कठीण. ‘अर्धे पैसे घ्या आणि विषय मिटवा’ हाही सांगावा येतो. वस्तू आलीच नसेल तर अर्धे का घ्यायचे?

पायरी ७: संकेतस्थळाकडे तक्रार

सात दिवस गेले किंवा गजर वाजला, यातलं जे आधी होईल तेव्हा ऑर्डरच्या पानावरून ‘वस्तू मिळाली नाही’ निवडा. कारण अचूक निवडा. ‘वस्तू आवडली नाही’, ‘वस्तू खराब’ असं काही चुकून निवडलं तर ती परत पाठवायला सांगतात, आणि जी आलीच नाही ती परत कशी पाठवणार?

तक्रार टाकली की विक्रेता अचानक जागा होतो. ‘तक्रार मागे घ्या, आजच पैसे पाठवतो. तक्रार असेपर्यंत सिस्टिम मला पैसे देऊ देत नाही.’ या वाक्याला भुलू नका. तक्रार चालू असतानाही विक्रेत्याला रिफंड देता येतो. उलट बंद केलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही. पेपॅलचा तर तसा स्पष्ट नियमच आहे. पैसे खात्यात दिसल्यावरच तक्रार बंद करायची.

पायरी ८: बँकेमार्फत चार्जबॅक

कार्डाने पैसे दिले असतील आणि विक्रेता, संकेतस्थळ दोघांनीही हात वर केले असतील, तर बँकेकडे जा. चार्जबॅक म्हणजे कार्डाच्या यंत्रणेतून व्यवहार उलटा फिरवण्याची मागणी. व्हिसा या कार्ड कंपनीच्या नियमांत ‘वस्तू किंवा सेवा मिळाली नाही’ यासाठी १३.१ असा वेगळा क्रमांकच आहे. क्रेडिट कार्डाप्रमाणे डेबिट कार्डालाही ही सोय असते.

बँकेत फोन लागला की पहिला प्रश्न येतो, ‘व्यवहार तुम्ही केला होता का?’ इथे लोक भावनेच्या भरात म्हणतात, ‘नाही, माझी फसवणूक झाली.’ बँक मग तो अनधिकृत व्यवहार समजते, कार्ड बंद करते आणि चौकशी भलत्याच दिशेला जाते. व्यवहार तुम्हीच केला आहे, ओटीपी तुम्हीच टाकला आहे, हे बँकेला दिसतं, आणि दावा फेटाळला जातो. म्हणून शब्द नेमके वापरा: ‘व्यवहार मी केला. वस्तू मिळाली नाही. विक्रेत्याकडे अमुक तारखेला लेखी मागणी केली, त्याने पैसे दिले नाहीत. मला चार्जबॅक दावा नोंदवायचा आहे.’ पाचव्या पायरीतलं फोल्डर इथे जसंच्या तसं कामाला येतं.

विक्रेत्याला उत्तर द्यायची संधी मिळते, त्यामुळे निकालाला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. काही बँका मधल्या काळात रक्कम तात्पुरती जमा करतात. निकाल विरुद्ध गेला तर ती परत घेतली जाते, म्हणून ते पैसे खर्चून टाकू नका. आणि एका वेळी एकच दार ठोठवा: पेपॅलवर दावा चालू असताना बँकेत चार्जबॅक टाकला तर पेपॅल आपला दावा बंद करतं.

थेट बँक ट्रान्सफरने अनोळखी विक्रेत्याला पैसे दिले असतील तर मामला कठीण होतो. तिथे चार्जबॅकची सोय नसते. तरीही बँकेला त्याच दिवशी कळवा, कारण पैसे समोरच्या खात्यात पडून असतील तरच काही होऊ शकतं. वस्तू हातात आल्यावर पैसे द्यायचे होते, अशी ऑर्डर असेल तर गेलं काहीच नाही, फक्त ऑर्डर रीतसर रद्द करा.

पायरी ९: कायद्याचा आधार

आपण ज्या देशात राहतो तिथला नियम एका वाक्यात माहीत असावा. तो संदेशात लिहिला की उत्तराचा सूर बदलतो.

युरोपीय संघात दुसरं काही ठरलं नसेल तर करारापासून ३० दिवसांत वस्तू द्यावी लागते. नाही दिली तर ग्राहकाने वाजवी वाढीव मुदत द्यायची, आणि तीही उलटली तर करार रद्द करून पैसे परत. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचं कलम ७५ फार उपयोगी आहे: वस्तूची किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल व पैसे क्रेडिट कार्डाने दिले असतील, तर कार्ड देणारी संस्थाही विक्रेत्याइतकीच जबाबदार. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेच्या नियमानुसार विक्रेत्याने सांगितलेल्या वेळेत, वेळ सांगितली नसेल तर ३० दिवसांत, माल रवाना करायचा, नाहीतर उशीर कळवून ऑर्डर रद्द करण्याचा पर्याय द्यायचा. तिथे क्रेडिट कार्डाच्या बिलावर लेखी हरकत घ्यायला बिल पाठवल्यापासून ६० दिवस असतात. भारतात २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार संकेतस्थळाने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवावाच लागतो. त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं. त्यानंतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक आयोगाकडे जायला २ वर्षांची मुदत आहे. स्वतः राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

विक्रेता दुसऱ्या देशातला असेल तर वेगवेगळ्या देशांच्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी मिळून चालवलेल्या ‘ईकन्झ्युमर’ या संकेतस्थळावर तक्रार टाकता येते. तिथे तुमचे पैसे कोणी थेट मिळवून देत नाही, पण फसव्या दुकानांची माहिती त्या यंत्रणांपर्यंत पोहोचते.

रिफंडच्या नावाने येणारे फोन

पार्सल हरवलेला माणूस घाईत असतो आणि चोर त्याचीच वाट पाहत असतात. सर्च करून मिळालेला ‘कस्टमर केअर’ नंबर कधीही लावू नका. असे खोटे नंबर मुद्दाम पेरून ठेवलेले असतात. नंबर अॅपच्या आतून किंवा संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करूनच घ्यायचा. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही. मोबाइलची स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला सांगितलं की फोन ठेवा. ‘तुमचं पार्सल अडकलं आहे, थोडं शुल्क भरा’ असा लिंकसकट संदेश आला तर लिंक न उघडता कुरिअरच्या संकेतस्थळावर जाऊन नंबर टाकून पाहा.

‘रिफंड केला’ म्हणतात, खात्यात मात्र नाही

कार्डावर पैसे यायला सहसा काही कामाचे दिवस जातात. दोन आठवडे झाले तरी आले नाहीत तर विक्रेत्याकडे एआरएन मागा. कार्डाच्या प्रत्येक रिफंडला मिळणारा हा २३ अंकी क्रमांक असतो. तो बँकेला दिला की पैसे कुठे आहेत ते बँक शोधू शकते. विक्रेत्याला तो देता आला नाही, तर बहुधा रिफंड केलेलाच नसतो. क्रेडिट कार्ड असेल तर बँक खातं नव्हे, कार्डाचं स्टेटमेंट पाहा. रिफंड तिथेच वजा होऊन येतो. ते कार्ड मधल्या काळात बंद झालं असेल तरी रक्कम त्याच बँकेकडे जाते, बँकेत विचारा.

आणि पैसे परत आल्यानंतर महिन्याभराने पार्सल दारात येऊन उभं राहिलं तर? असंही होतं. ते उघडू नका. विक्रेत्याला त्याच दिवशी लिहून कळवा की वस्तू आत्ता पोहोचली, परत पाठवायची असेल तर तुमच्या खर्चाने कुरिअर पाठवा, किंवा मला ठेवायची असेल तर रक्कम कशी द्यायची ते सांगा. हा संदेशही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.